एअर सस्पेन्शनच्या पिकअपला मोठे टायर: रॅम १५०० वर ते नीट कसे बसवावेत

रॅम १५०० वर मोठे टायर बसतील का असं टायरच्या दुकानात विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं: "एअर सस्पेन्शन आहे ना? मग उंची वाढवा, बसतील." मला हे उत्तर धोक्याचं वाटतं. हवेवर उभा असलेला ट्रक वर चढतो तसा खालीही बसतो. टायर मावतो की नाही, हे तो खाली बसलेला असताना, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना आणि एक चाक खड्ड्याच्या कडेवर चढलेलं असताना ठरतं. तिथे मावला तर सगळीकडे मावला. पुढची सगळी मापं, निवड आणि तपासणी या एका गोष्टीला धरून आहे.

लेख अमेरिकेतल्या २०१९ पासूनच्या रॅम १५०० साठी आहे, म्हणजे मिशिगनमध्ये स्टर्लिंग हाइट्सला बनणारा, सहा नटांच्या चाकांचा ट्रक. चारही चाकांवर हवेचं सस्पेन्शन हा पर्याय रॅमने २०१३ च्या मॉडेलपासून दिला. त्या जुन्या पिढीची चाकं पाच नटांची आहेत आणि उंचीचे आकडे थोडे वेगळे आहेत, पण पद्धत तीच लागू पडते. भारतात मिळणाऱ्या हायलक्स आणि डी-मॅक्स व्ही-क्रॉसला मागे पाटे असतात, हवा नसते. शिवाय तिथे आरसीवरच्या तपशिलात बदल होईल अशी फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकते. त्यामुळे तिथल्या वाचकांनी यातलं टायरचं गणित घ्यावं, बाकीचं सोडून द्यावं.

आधी आपला ट्रक किती हलतो ते समजून घ्या

या ट्रकला पाच उंच्या आहेत. नेहमीची उंची धरून चाललो तर हायवेवर वेग वाढला की तो आपोआप सुमारे १५ मिमी खाली जातो, याला एरो मोड म्हणतात. ऑफ-रोड १ मध्ये सुमारे २५ मिमी वर आणि ऑफ-रोड २ मध्ये सुमारे ५१ मिमी वर जातो. चढ-उतार सोपी व्हावी म्हणून असलेल्या एन्ट्री/एक्झिट मोडमध्ये तो सुमारे ५१ मिमी खाली बसतो. म्हणजे सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या उंचीत जवळजवळ १०२ मिमी, चार इंचांचा फरक. दुकानात ऑफ-रोड २ वर चढवलेल्या ट्रकच्या मडगार्डखाली जी ऐसपैस जागा दिसते, ती त्या दिवसापुरती समजा. रोजच्या वापरात तो ट्रक तिथे राहणारच नाही, कारण वेग वाढला की ऑफ-रोडच्या दोन्ही उंच्या आपोआप सुटतात.

आणखी एक उंची माहितीपुस्तिकेत नसते: हवा गेलेली. थंडीत वाल्व्ह गोठला, एखादी नळी गळली, तर ट्रक थेट बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यांवर, बसतो. अशा वेळी टायर मडगार्डमध्ये अडकून चाकच फिरलं नाही, तर टोइंगवाल्यालाही ट्रक ओढून नेता येत नाही. मिनेसोटा, मिशिगन, कॅनडा इथे राहणाऱ्यांनी हा विचार आधी करावा.

मग मोठा टायर घ्यायचाच कशाला? त्यालाही चांगलं कारण आहे. हवा भरून बॉडी वर जाते, चॅसिस वर जाते, पण मागचा अ‍ॅक्सल आणि त्यावरचा डिफरन्शियलचा गोळा जागचा हलत नाही. दगडाला तो आपटतो तेव्हा हवा कितीही भरली तरी काही उपयोग नाही. तो वर न्यायचा एकच मार्ग, मोठ्या व्यासाचा टायर.

माप निवडणं

टायरवर लिहिलेल्या मापातून व्यास काढता येतो. २७५/५५ आर२० मध्ये २७५ मिमी रुंदी, तिच्या ५५ टक्के म्हणजे १५१ मिमी उंच कड, आणि २० इंची म्हणजे ५०८ मिमीचं रिम. कड दोनदा धरायची, वर आणि खाली. एकूण व्यास सुमारे ८१० मिमी, म्हणजे ३१.९ इंच. २० इंची रिमवर कंपनीकडून येणारं नेहमीचं माप हेच.

त्याच रिमवर २७५/६० आर२० घेतलं तर व्यास ८३८ मिमी, बरोबर ३३ इंच. व्यासात २७-२८ मिमी वाढले, पण अ‍ॅक्सल वर गेला त्याच्या निम्मा, सुमारे १४ मिमी. अर्धा इंचच. हा आकडा ऐकून पुष्कळांचा हिरमोड होतो, पण मातीच्या रस्त्यावर त्या अर्ध्या इंचापेक्षा उंच कडेचा फायदा जास्त मिळतो. टायर दगडावर दबतो, रिम वाचतं.

१८ इंची रिम असेल तर २७५/६५ आर१८ वरून २७५/७० आर१८ वर जा, म्हणजे ३२.१ वरून ३३.२ इंच. २२ इंची रिमवाल्यांना माझं सांगणं आहे की आधी १८ किंवा २० इंची रिम शोधा. पातळ कडेचा मोठा टायर घेऊन खडकाळ वाटेवर जाण्यात पैसे आणि रिम दोन्ही जातात.

३३ इंचांवर मी थांबतो, आणि त्याला आधार कंपनीचाच आहे. २०१५ चा रॅम रेबेल एअर सस्पेन्शनवरच आला होता, २८५/७० आर१७ टायर घालून, म्हणजे सुमारे ३२.७ इंच. त्याची नेहमीची उंचीच इतर ट्रकपेक्षा एक इंच जास्त ठेवली होती. २०१९ च्या रेबेललाही २७५/७० आर१८ होते आणि हवेचा पर्याय होता. पण कंपनीला ३५ इंची टायर द्यायचे होते तेव्हा तिने टीआरएक्स बनवला. त्यात हवा काढून कॉइल स्प्रिंगा घातल्या आणि बॉडी जवळपास सहा इंच रुंद केली. ज्यांनी हा ट्रक बनवला त्यांनीच ३५ साठी एवढा खटाटोप केला असेल, तर प्लॅस्टिक कापून आणि सेन्सर फसवून ३५ बसवण्याच्या भानगडीत आपण पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सेन्सर फसवणं म्हणजे काय तेही सांगतो. उंची मोजणाऱ्या सेन्सरची दांडी वेगळ्या लांबीची बसवली, की कंप्युटरला ट्रक खाली आहे असं वाटतं आणि तो जास्त हवा भरतो. ट्रक सगळ्याच मोडमध्ये वर राहतो. दिसायला छान दिसतो, पण चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, शॉक आपल्या टोकाशी काम करतो, पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके होतात आणि कंप्रेसर जास्त वेळ चालतो. त्या जोडीला ऑफ-रोड २ लावलं तर सगळंच ताणाच्या टोकाला जातं. अर्धा इंच वाढवलेले ट्रक वर्षानुवर्षं नीट चालताना पाहिलेत, दोन इंच वाढवलेल्यांबद्दल असं म्हणता येत नाही.

लोड इंडेक्स, पी आणि एलटी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण सुरक्षेचा खरा प्रश्न इथेच आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर टायरचं मूळ माप, हवेचा दाब आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलची भार मर्यादा असते. त्याचा फोटो काढून ठेवा.

नव्या टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार उचलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी चालणार नाही. ११३ म्हणजे एका टायरवर ११५० किलो, ११६ म्हणजे १२५०, १२१ म्हणजे १४५०. घोळ होतो तो पी (पॅसेंजर, म्हणजे कारच्या वर्गातला) टायर काढून एलटी (लाइट ट्रक) टायर घेतल्यावर. एलटी टायर जाड आणि दणकट असतो, पण त्याला तेवढाच भार उचलायला पी टायरपेक्षा जास्त हवा लागते. स्टिकरवरचा जुना दाब एलटीमध्ये भरला, तर टायरची क्षमता आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी असते आणि ट्रेलर ओढताना तो तापतो. टायर बनवणारी प्रत्येक मोठी कंपनी दाब आणि भार यांचा तक्ता देते. मूळ टायर स्टिकरच्या दाबाला किती भार उचलत होता ते काढा, नव्या टायरच्या तक्त्यात तेवढा भार कोणत्या दाबाला येतो ते बघा. तो तुमचा किमान दाब.

एलटी टायर जडही असतो, एकेक सहज पाच-सात किलोने. हे वजन एअर स्प्रिंगच्या खालचं आहे, त्यामुळे छोट्या खड्ड्यांतून ट्रक पूर्वीइतका मऊ वाटणार नाही. ट्रेलर ओढायचा नसेल आणि बहुतेक चालवणं डांबरावर असेल, तर ३३ इंची पी टायर किंवा हलका एलटी शोधा. सर्वांत जाड, दहा प्लायवाला टायर सगळ्यांना लागत नाही.

आणि एअर सस्पेन्शन मागून ट्रक सपाट धरतं म्हणून जास्त भरता येतं, असं मानू नका. ट्रक सपाट दिसतो, एवढंच. अ‍ॅक्सलची मर्यादा तीच राहते.

रिम आणि ऑफसेट

शक्य असेल तर मूळ रिमच ठेवा. मोठा टायर घासण्यामागे बऱ्याचदा टायरपेक्षा रिम जबाबदार असतं. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते अंतर. कमी ऑफसेटचं रिम चाकाला बाहेर ढकलतं. ऑफसेट २० मिमी कमी झाला की चाक २० मिमी बाहेर आलं. मग स्टिअरिंग वळवताना टायर मोठ्या वर्तुळात फिरतो, पुढे बंपरच्या कोपऱ्याला आणि मागे लायनरला, म्हणजे मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला, जाऊन भिडतो. नवीन रिम घ्यायचंच असेल तर नटांचं अंतर १३९.७ मिमी, मधलं भोक ७७.८ मिमी, आणि नटाची बैठक रिमच्या बैठकीशी जुळणारी हवी. मधलं भोक मोठं असेल तर हब रिंग घाला, नाहीतर ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही.

बसवण्याआधी मोजा

सपाट जमिनीवर, इंजिन चालू आणि दारं बंद ठेवून ट्रक नेहमीच्या उंचीवर आणा. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहा. मग एन्ट्री/एक्झिटवर न्या, पुन्हा लिहा. हे आकडे पुढे सेन्सर किंवा गळतीचा संशय आला तरी उपयोगी पडतात.

आता एन्ट्री/एक्झिटमध्येच स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि टॉर्च घेऊन खाली बघा. पाच जागा बघायच्या: बंपरचा खालचा कोपरा, लायनरची पुढची बाजू, लायनरची मागची बाजू, आतल्या बाजूला स्वे बार (ट्रक कलू न देणारा दांडा), आणि टायरच्या आतल्या कडेजवळ स्टिअरिंग नकल (चाक धरून वळणारा भाग) व अप्पर कंट्रोल आर्म (त्याला वरून धरणारा दांडा). पहिल्या तीन जागा प्लॅस्टिकच्या आहेत, तिथे टायर लागला तर आवाज येतो आणि खूण पडते. शेवटच्या दोन लोखंड-अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. तिथे टायर लागला तर कड कापली जाते, आणि ती आतल्या बाजूला असल्यामुळे टायर फुटेपर्यंत दिसत नाही. तिथे निदान ७-८ मिमी मोकळे राहतील याची खात्री हवी.

डोळ्याने अंदाज येत नाही म्हणून एक सोपी युक्ती करतो. मुलांची खेळायची रंगीत माती घेऊन तिचे बोटभर जाडीचे गोळे नकलवर आणि लायनरवर चिकटवायचे. टायर बसवल्यावर ट्रक हळू पुढे-मागे करून स्टिअरिंग दोन्हीकडे वळवायचं. मातीवर टायरचा ठसा उठला तर उरलेली जाडी नखाने टोचून मोजायची. एका मित्राच्या ट्रकवर याच मातीने दाखवून दिलं की डावं चाक मोकळं आहे आणि उजवं मागे लायनरला लागतंय, कारण त्या बाजूची लायनरची क्लिप तुटलेली होती. टायर बदलायची गरजच नव्हती, क्लिप बदलून काम झालं.

चाक काढणं: इथे जॅक मोड विसरू नका

साध्या स्प्रिंगच्या ट्रकला जॅक लावला की तो मुकाट वर जातो. हवेच्या ट्रकला जॅक लावला की कंप्युटरला एक कोपरा उंच झाल्याचं कळतं आणि तो उंची दुरुस्त करायला जातो. माणूस शेजारी बसलेला असताना ट्रक स्वतःहून हलला, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्क्रीनवर सेटिंगमध्ये सस्पेन्शन उघडा आणि टायर जॅक मोड लावा. ऑटो एन्ट्री/एक्झिटही बंद करा. नंतर ट्रक चालवला की जॅक मोड आपोआप सुटतो, त्यामुळे मध्येच ट्रक हलवला असेल तर पुन्हा लावा.

पार्किंग ब्रेक ओढा, कर्णरेषेतल्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. नट जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. जॅक माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा, एअर स्प्रिंगजवळच्या कुठल्याही कंसाला किंवा नळीला नाही. चाक निघाल्यावर दोन मिनिटं काढा: स्प्रिंगच्या रबरावर भेगा आहेत का, हवेची नळी कुठे घासतेय का, सेन्सरची दांडी वाकलीय का. तिथपर्यंत हात सहज पोहोचण्याची संधी पुन्हा लवकर येत नाही. गळतीची शंका असेल तर साबणाचं पाणी फवारा, बुडबुडे आले की जागा सापडली.

रिम तीच असतील तर दाब दाखवणारे सेन्सर जुनेच राहू द्या, पण टायर उतरवताना दुकानदाराला सेन्सर कुठे आहे ते आधी सांगा. टायरचं लोखंडी हत्यार त्याच्यावर गेलं की तो तुटतो.

नट एकाआड एक, ताऱ्याच्या आकारात आवळा. शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) १३० फूट-पाउंड, म्हणजे १७६ न्यूटन-मीटर, आणि तो टॉर्क पान्यानेच. इम्पॅक्ट गनने नाही. स्टडला ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने आवळणं मापापेक्षा जास्त होतं. पंचवीसेक मैल, म्हणजे ४० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा पाना लावून बघा.

खरी परीक्षा

रिकाम्या पार्किंगमध्ये जा. नेहमीच्या उंचीवर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुढे, मग रिव्हर्समध्ये. रिव्हर्स वगळू नका, मागे जाताना टायर लायनरच्या वेगळ्या भागाला लागतो. मग एन्ट्री/एक्झिटमध्ये हेच, अगदी रांगत, कारण वेग वाढला की ट्रक लगेच वर उठतो. शेवटी पुढचं एक चाक रॅम्पवर किंवा बुटक्या फुटपाथच्या कडेवर तिरकं चढवा, स्टिअरिंग त्याच बाजूला पूर्ण वळवा आणि बाहेर उभ्या माणसाला बघायला सांगा. खड्ड्यात काय होणार त्याचा अंदाज इथेच येतो.

लायनरला हलकं लागत असेल तर हीट गनने प्लॅस्टिक मऊ करून मागे दाबा आणि एक-दोन क्लिपा जास्त लावा. बंपरखालच्या एअर डॅमचा कोपरा लागत असेल तर तो पट्टीने आखून कापा, दोन्ही बाजू सारख्या. इथपर्यंत ठीक. मडगार्डच्या मागची पत्र्याची शिवण कापायची किंवा ठोकायची वेळ आली, तर टायर चुकीचा निवडला आहे. टायर परत करा, पत्रा वाचवा.

ऑटो एन्ट्री/एक्झिट बंद ठेवलं की घासत नाही, असाही एक उपाय सुचवला जातो. पार्किंगमध्ये चाकं वळलेली असताना ट्रक खाली बसून टायर लायनरवर टेकतो, ते याने थांबतं हे खरं. पण गळतीच्या दिवशी सेटिंग कामाला येत नाही. घासू नये म्हणून बंद करत असाल तर टायर मोठाच आहे.

स्पीडोमीटर, अलाइनमेंट आणि बाकीचं

३१.९ वरून ३३ इंचांवर गेलात की स्पीडोमीटर ३.४ टक्के कमी दाखवतो. काटा ७० मैलांवर असताना तुम्ही ७२ च्या वर असता. ३५ इंची टायरवर तोच फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा होतो, काटा ७० आणि खरा वेग ७७. पोलिसांच्या रडारला तुमच्या टायरचं माप माहीत नसतं. एरो मोडची खूणगाठही याच वेगावर बांधलेली आहे, त्यामुळे ट्रक खाली बसायलाही उशीर करतो. ओडोमीटर कमी मोजतो, म्हणून मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं.

दुरुस्ती डीलरकडून करून घेता येते. स्वतः करणारे अल्फाओबीडी नावाचं अ‍ॅप वापरतात. त्यात टायरचा घेर मिलिमीटरमध्ये भरता येतो. २०१८ पासूनच्या गाड्यांत मध्ये एक सुरक्षा मॉड्यूल असतं, त्याला वळसा घालणारी केबल लागते. जुना आकडा आधी कागदावर उतरवा. नवा आकडा काढताना व्यासाला पाय (π) या आकड्याने गुणू नका, कारण वजनाखाली टायर दबतो. जुन्याच आकड्याला १.०३४ ने गुणा आणि मग मोबाइलच्या जीपीएसशी ताडून बघा.

गिअरचं गणितही बदलतं. ३.५५ गिअर रेशोचा अ‍ॅक्सल ३३ इंचांवर ३.४३ सारखा वागतो, ३.९२ चा ३.७९ सारखा. ३.२१ असलेल्यांनी जड ट्रेलर घेऊन कोलोरॅडोचे घाट चढायचे असतील तर आधी विचार करावा.

अलाइनमेंट करताना सेटिंगमधला व्हील अलाइनमेंट मोड लावायला सांगा. तो न लावता मापं घेतली तर मध्येच उंची बदलते आणि सगळे आकडे फसवे येतात. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, थोडा जास्त ठेवला तर चाक मागच्या लायनरपासून पुढे सरकतं, पण मग पुढे बंपरजवळची जागा पुन्हा तपासा. उंची बदलली असेल तर हेडलाइट आणि पुढचा कॅमेरा-रडार यांचं कॅलिब्रेशनही करून घ्या.

वॉरंटीची भीती घालणारे भेटतील. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा टायर बसवला एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. त्या टायरमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. पण सेन्सरच्या दांड्या बदललेल्या असतील आणि कंप्रेसर गेला, तर ते दाखवणं त्यांना जड जाणार नाही.

राहिली स्टेपनी. ती मागे ट्रकखाली टांगलेली असते आणि जुन्याच मापाची असते. फोर-व्हील ड्राइव्ह लावून किंवा मागे लॉकर (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा भाग) असताना वेगळ्या व्यासाचं चाक लावून लांब जाऊ नका, डिफरन्शियल तापतं. पाचवा टायरही त्याच मापाचा घ्या, पण आधी हँगरवरची जागा मोजा: ट्रक सर्वांत खाली बसलेला असताना टायर एग्झॉस्टला आणि अ‍ॅक्सलला लागतो का, ते बघा. लागत असेल तर तो मागच्या हौद्यात पट्ट्याने बांधून न्या, आणि स्टेपनी खाली सोडायची विंच वर्षातून एकदा चालवून बघा. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर ती गंजून जाम होते.